रबरी बेडूक घेऊन देवगाव फाट्याला

चिपळूणचा माणूस मासे धरायला परभणी जिल्ह्यात निघालाय, हे कळल्यावर आमच्या गॅरेजवर जी हसाहशी झाली ती काय सांगू! एक म्हणाला, तिकडे आधी आंघोळीला पाणी मिळतंय का बघ. दुसरा म्हणाला, जाताना वाशिष्ठीतल्या माशांना सुट्टी जाहीर करून जा. मी पिशवी भरत राहिलो. मला बोलावणं आलं होतं, आणि ह्या हसणाऱ्यांपैकी एकालाही आजवर मासा धरण्यासाठी कुणी शेजारच्या वाडीतसुद्धा बोलावलेलं नाही.

माझा धंदा स्कूटर दुरुस्तीचा. पण नाव विचाराल तर ते लूरवर मासे धरणारा म्हणून आहे, आणि हे मी लाजत सांगत नाही. लूर म्हणजे खोटं आमिष. रबराचा बेडूक, लाकडाचा मासा, चकाकणारी पत्र्याची पाती. गांडूळ लावून कुणीही बसेल. रबराचा तुकडा पाण्यात जिवंत करायचा तर मनगटात काहीतरी असावं लागतं. माझ्या मनगटात ते आहे. त्याचे व्हिडिओ मी फोनवर टाकत असतो, आणि त्यातलाच एक बघून गणपतीनंतर मंगलताईंचा फोन आला.

त्यांना मी ओळखत नव्हतो. देवगाव फाट्यापासून आत त्यांचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन आणि सरकारी योजनेतून खोदलेलं शेततळं. पावसाच्या तोंडाला त्यांनी त्यात रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. घरात, भावकीत सगळे नको म्हणत असताना सोडली होती. पिल्लं महिनाभर पेंड खायला वर यायची, मग यायची बंद झाली. तळ्यात एक मोठी मरळ दिसली होती. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातली वाटमारी करणारी मासळी, लहान मासा दिसला की गेलाच. जाळं टाकावं तर तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटतो, आणि कागद फाटला की पाणी जमिनीत. गांडूळ, पिठाचे गोळे सगळं करून झालं, ती ढुंकून बघत नाही. त्यांचे यजमान अशोकराव म्हणत होते की पिल्लं संपली, आता पाणी धरून ठेवण्यात अर्थ नाही. दसऱ्याला सगळे नागपूरला जाणार, त्याआधी मोटर लावून पाणी हरभऱ्याच्या रानाला द्यायचं.

“दादा, मोटर लागली की पुढल्या पावसाळ्यापतूर तळं रिकामं,” त्या म्हणाल्या. “आन् पिल्लं जिती हायत असं माझं मन सांगायलंय. तुमी एकदा या.”

बाईमाणूस इतक्या लांबून इतक्या हक्काने बोलावते म्हटल्यावर मी त्याच आठवड्यात पुण्याची एसटी धरली, आणि पुण्याहून परभणीकडे जाणारी रेल्वे.

माझा रॉड एका लांब नळीत असतो. समोरच्या बाकावर परभणीच्या कचेरीतले एक कारकून होते, त्यांनी विचारलं, बासरी का? मी म्हटलं, मासे धरायची काठी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कोकणातून मराठवाड्यात मासे धरायला चाललेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मला सेलूला उतरायचं होतं, तिथून फाटा जवळ. पहाटे उठवतो असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि माझ्याआधी तेच घोरायला लागले. दोघांनाही जाग आली ती परभणीला.

गृहस्थ ओशाळले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला स्टेशनबाहेरच्या हॉटेलात नेलं आणि सुशीला खाऊ घातली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी देऊन केलेला पोह्यांचा भाऊ. पोह्यांपेक्षा हलका आणि, आमच्या लोकांनी माफ करावं, पोह्यांपेक्षा चवदार. बाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या, ऑटोवाले ओरडत होते, आणि सकाळचे दहा वाजायच्या आत ऊन पाठ भाजत होतं. मी दुसरी प्लेट मागवली.

जिंतूरची बस मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर सपाट जमीन, नजर जाईल तिथपर्यंत. आमच्याकडे डोंगर मध्ये येतो, इथे आभाळ थेट शेताला टेकतं. सोयाबीनच्या मळणीची यंत्रं चालू होती, त्यांचा भुसा खिडकीतून आत येऊन केसांत बसत होता. कापूस फुटायला लागला होता, तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या. जिंतूरला बस बदलली आणि दुपार कलता कलता देवगाव फाट्याला उतरलो. चार दिशांना चार रस्ते, चहाची हॉटेलं, आणि एका मोटारसायकलवर माझी नळी लांबून ओळखून हात करणारे अशोकराव.

त्यांनी जयभीम केला, माझी पिशवी टाकीवर घेतली आणि वाटेतच सांगून टाकलं की तुम्ही आलात त्याबद्दल आनंद आहे, पण माझा ह्यावर भरवसा नाही. मला असा माणूस आवडतो. खोटं हसून पाठीमागे बोलणाऱ्यापेक्षा बरा.

घरी मंगलताई, आणि अशोकरावांचे वडील. त्यांना सगळे बाबा म्हणायचे, मंगलताई तेवढ्या मामा म्हणायच्या. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, हातात बांबूची काठी. बाबांनी मला पाणी विचारलं, तब्येत विचारली, माशाबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत.

तळं घरापासून हाकेच्या अंतरावर. चौकोनी, उतरत्या काठांवर काळा कागद, एका कोपऱ्यात बाभळीची सावली आणि पाणी आत येण्याचा पाइप. पाणी एवढं नितळ की काठाचा कागद खोलवर दिसत होता. मी पेटी उघडली, तसे अशोकराव गुडघ्यांवर बसले आणि एकेक लूर उचलून उलटून पाहू लागले. तीन तोंडांचा गळ दिसला की बाजूला. पत्र्याची पाती बाजूला, लाकडी मासे बाजूला, तळाला जाणारं काहीही बाजूला. माझी अर्धी इभ्रत त्या मातीवर मांडली गेली. उरले ते रबरी बेडूक, ज्यांचे दोन गळ पाठीला चिकटून असतात आणि माशाने तोंडात दाबल्याशिवाय बाहेर निघत नाहीत. कागदाला काही झालं तर माशाचं बघायलाच नको, असं अशोकराव म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

संध्याकाळी मी माझा लाडका बेडूक लावला. पिवळाधमक, मागे पंखा, ओढला की फुर्र करून पाणी उडवतो. वाशिष्ठीच्या गढूळ पाण्यात ह्या पठ्ठ्याने मला काय काय मिळवून दिलंय! काठावर गावातली आठ-दहा माणसं जमली होती. मी ऐटीत फेकला, फुर्र करत आणला. तिसऱ्या फेकीला पाइपाजवळून एक काळी सावली निघाली, बेडकाच्या मागे हातभर आली, थांबली, आणि तोंड फिरवून खाली गेली. पुन्हा आलीच नाही. लोकांनी सभ्यपणे आभाळाकडे बघितलं. एक म्हातारा म्हणाला, मासा हुशार हाय. त्याचा अर्थ काय तो मला समजला.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी). भाकरी अशी पातळ आणि गोड की मी तांदळाची भाकरी खाणारा माणूस चौथीला हात घालून बसलो. पण डोकं तळ्यावरच होतं. चूक कळत होती. पावसाळ्यात पाणी गढूळ, माशाला दिसत नाही, तिथे आवाज हवा, रंग हवा. आश्विनात पाणी निवळतं. नितळ पाण्यात मासा आधी बघतो, मग ठरवतो. तिथे गाजावाजा केला की त्याला वाटतं हे लचांड आपलं नव्हे. शरदातल्या माशासमोर माणसाने आवाज कमी करावा, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलोय, आणि लोक बघायला जमले म्हणताच सगळं विसरून फुर्र करत बसलो होतो.

सकाळी मी एकटाच लवकर तळ्यावर गेलो, मासा कुठे श्वास घेतो ते बघायला. मरळीला हवा प्यायला वर यावंच लागतं. बाभळीखाली बाबा आधीच उभे होते. त्यांनी मला पाहिलं नाही. काठीने पाइपावर टक टक केलं, धोतराच्या सोग्यातून काहीतरी काढून पाण्यात टाकलं. नाकतोडा होता. पाणी फुगलं, काळं डोकं वर आलं, नाकतोडा गेला. बाबांनी दुसरा टाकला. त्यांच्या तोंडावरचं हसू मी बांधावरून स्पष्ट पाहत होतो.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून आलोय आणि घरचाच माणूस चोराला न्याहारी देतोय! मी जाऊन सरळ विचारलं. बाबा दचकले नाहीत. बांधावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

त्यांच्या लहानपणी वस्तीला स्वतःचा आड नव्हता, आणि दुसऱ्यांच्या आडाला हात लावायची सोय नव्हती. पुढे वस्तीने स्वतः आड खोदला. पाणी लागलं त्या दिवशी बाबांच्या वडिलांनी ओढ्यातून एक मरळ आणून त्यात सोडली. मरळ किडे खाते, पाणी साफ ठेवते. तो आड आता बुजलाय. गेल्या वर्षी हे तळं पाण्याने भरलं तेव्हा बाबांनी कुणाला न विचारता तेच केलं. तेव्हा तळ्यात रोहू सोडायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

“आपल्या पाण्यात आपली मरळ पाहिजे,” बाबा म्हणाले. “त्याबिगर पाणी आपलं वाटत न्हाई.”

मग ते स्वतःच म्हणाले की सून पिल्लांसाठी झुरायलीय ते त्यांना दिसतंय, महिना झाला सांगीन सांगीन म्हणतायत, पण जीभ उचलत नाही. मी म्हटलं, बाबा, मासा मी धरीन, पण ताईंपासून लपवून नाही. ते उठले आणि काठी टेकत घराकडे चालायला लागले.

मंगलताई भाकऱ्या थापत होत्या. बाबांनी उभ्यानेच सांगितलं. परातीतला थापण्याचा आवाज थांबला, मग दुप्पट जोराने सुरू झाला.

“मामा, मला इचारायचं तरी,” त्या म्हणाल्या. “म्या तुमाला इचारल्याबिगर एक बी काम केलंय का?”

बाबा मान खाली घालून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की उद्या ते काठी वाजवतील, मरळ वर येईल, मी गळ टाकावा. अशोकरावांना ते पटलं. दोन मिनिटांचं काम होतं.

मी नाही म्हटलं. हाकेला ओ देऊन आलेल्या माशाच्या तोंडात मी गळ घालणार नाही. माझ्या हुनराने फसला तर फसला, नाही तर मी हरलो म्हणून चिपळूणला जाईन आणि लोकांचं हसणं ऐकून घेईन. एवढं बोलून गेलो खरा, पण अशोकरावांनी शांतपणे सांगितलं की उद्या दुपारी मोटर लागेल.

तो दिवस मी तयारीत घालवला. पेटीतला सगळ्यात लहान बेडूक काढला, मातकट हिरवा. त्याच्या पोटातली खुळखुळणारी गोळी काढून टाकली. रबरी तंगड्या कात्रीने अर्ध्या केल्या. चुलीतली काजळी बोटाने पाठीवर चोळली. मंगलताई बाजूला बसून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, मासा एवढं निरखतो का? मी म्हटलं, आश्विनात निरखतो. त्या म्हणाल्या, मग नीट चोळा, आणि स्वतः उठून आणखी काजळी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी दव पडलं होतं. बाबा घरीच बसले, मीच तशी विनंती केली होती. अशोकराव खताची रिकामी गोणी घेऊन माझ्या मागे, मंगलताई बांधावर लांब. मी चपला काढल्या. बेडूक पाण्यात टाकलाच नाही, समोरच्या काठाच्या कोरड्या कागदावर टाकला आणि सावकाश ओढत पाण्यात घसरू दिला, खरा बेडूक उतरतो तसा. एक लहानसं वलय उठलं. मी हात थांबवला. वलय विरेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. मग दोरीला एक बारीक झटका, पुन्हा थांबलो. असं पाइपापासून बाभळीपर्यंत तीनदा केलं. ऊन अंगावर यायला लागलं. मागे अशोकरावांनी घड्याळ बघितल्याचं मला न बघता कळलं.

चौथ्यांदा बेडूक सावलीच्या कडेला आला आणि त्याच्याखालचं पाणी काळं झालं. काहीच झालं नाही. मी बोट हलवलं, इतकंच. फाडकन पाणी फुटलं आणि बेडूक दिसेनासा झाला. अशा वेळी घरी मी लगेच झटका मारतो. इथे घाई केली असती तर मासा सुटून उघडे गळ थेट कागदात घुसले असते. दोरी तिरकी सरकायला लागेपर्यंत मी दात आवळून थांबलो, मग दोन्ही हातांनी रॉड उचलला.

काय जोर होता म्हणून सांगू! पाइपाकडे धावली, तळाला बसली, हवेत उसळून डोकं झाडलं. मी बांधावर अनवाणी पाय रोवून होतो आणि तोंडाने काय काय बोलत होतो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी ती काठाला आली, अशोकरावांनी गोणी पसरून तिला वर घेतलं आणि गोणीसकट छातीशी धरलं. पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मंगलताई धावत आल्या आणि आधी कागद तपासायला वाकल्या. कागदाला ओरखडाही नव्हता. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामात पुसलं.

घरी बाबांनी मरळ पाहिली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी विचारलं, ओढ्यात सोडायची का? बाबा म्हणाले, पोसलेली कोंबडी कापतोच की आपण, कापा. आणि सुनेकडे बघून म्हणाले, तळ्याचा पहिला मासा आहे, तिनंच कापावा.

मंगलताईंनी हाताला राख लावली, कारण मरळ बुळबुळीत असते, आणि विळीवर तिचं पोट फाडलं. मग त्यांचा हात थांबला. आतून त्यांनी एक मासा बाहेर काढला, अख्खा, नुकताच गिळलेला. पाण्याने धुऊन तळहातावर घेतला. रोहू होता. त्यांच्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, पाठ रुंद, खवले चांगले जाड झालेले.

“म्या बोटाएवढा सोडला होता,” त्या म्हणाल्या. “बघा केवढा झालाय. जिते हायत, मामा.”

पिल्लं संपली असती तर हा एवढा वाढून तळ्यात राहिला नसता; मरळीच्या धाकाने ती वर येत नव्हती एवढंच, हे चौघांनाही समजलं. अशोकराव उठून बाहेर गेले. मला वाटलं डोळे पुसायला गेले. मी दारातून पाहिलं तर ते तळ्याकाठी मोटरची वायर काढून गुंडाळत होते. बाबा सुनेच्या हातातल्या त्या माशाकडे पाहत होते, आणि म्हणाले की एवढा मासा त्यांच्या बापाच्या आडातसुद्धा नव्हता वाढला. मंगलताई हसल्या. इतक्या दिवसांचा घोर आणि कालचा राग त्या एका हसण्यात गेला असावा.

मरळीचं कालवण काळ्या तिखटाचं, शेंगदाणे-तीळ वाटून, चिंच घालून. आजूबाजूच्या बऱ्याच घरी घट बसलेले, त्यामुळे वाटा द्यायला भावकीतलीच चार घरं होती. मंगलताईंनी चारही घरी स्वतः वाटी नेली. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्याच घरी आधी. कालवणाबद्दल एवढंच सांगतो की नारळाशिवाय माशाचं कालवण होऊ शकतं हे मी आजवर मानत नव्हतो.

येताना सेलूलाच गाडी धरली. अशोकराव डब्यात बसवून गेले, खिडकीशी उभं राहून, आम्ही नागपूरहून आलो की पुन्हा या, म्हणाले. बारा तास बाकावर बसून मी स्वतःशी हसत होतो. ह्याहून मोठ्या मरळी मी धरल्यात. पण बाकीच्या सगळ्या माझ्यासाठी धरल्या, फोटोसाठी धरल्या. ही दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दासाठी धरली, आणि तो शब्द खरा निघाला. आपलं कसब कुणाच्या उपयोगी पडलं की माणसाची छाती कशी भरून येते, ते मला एवढ्या वयाला कळलं.

दसऱ्याच्या नंतर चार-पाच दिवसांनी गॅरेजवर गाडी खोलून बसलो होतो, फोन वाजला. मंगलताईंचा व्हिडिओ. बांधावरून पेंडीची मूठ पडते, पाणी क्षणभर स्वस्थ राहतं, आणि मग एकदम सगळं तळं खदखदायला लागतं. रोहूंच्या पाठी, शेपट्या, उघडी तोंडं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मागून त्यांचा आवाज, शेजारणीला सांगत असलेला: “माझे हायत ते. समदे माझे.”

मी हात पुसले, हसणाऱ्या सगळ्यांना गोळा केलं आणि उभं राहून बघा म्हणालो.